देवमन कंडक्टरांचा चेकर

माणसाने एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तो कसा आहे, हे देवमनराव नुसत्या चालीवरून सांगत! खिडकीसाठी भांडणारा, झोपेचं सोंग घेणारा, सात वर्षांच्या पोराला चार वर्षांचं म्हणणारा, एकही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. एकदा तर त्यांनी एका गृहस्थाला तो बसायच्या आधीच बजावलं होतं, "काका, तुमी पिशवी इसरान!" आणि मंगरूळपीर आल्यावर काका उतरले, पिशवी गाडीतच! ही हकिगत खुद्द देवमनरावच सांगतात, त्यामुळे ती खोटी असण्याचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा एका कुत्र्याचा स्वभाव ओळखणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ!

"अवो, तीस सालं पब्लिक पाह्यली मी," ते ओसरीवरून म्हणाले. "दोन पायाची पब्लिक समजते, तर चार पायाचं एक कुत्रं समजनार नाई?"

"तुमाले घरातली पब्लिक तरी समजली काय अजून?" लिलाबाईंनी वांगी चिरता चिरता विचारलं. बायकोच्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे ज्ञान देवमनरावांना लग्नानंतर लवकरच झालं होतं.

वादाचं मूळ होतं दोन एकर हरभरा. निवृत्त झाल्यावर देवमनराव शेलूबाजारजवळच्या आपल्या गावी शेती करायला आले, नाल्याकाठी हरभरा पेरला, आणि तो घाट्यांवर आला न आला तोच रोही आले. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. लाज नाही, भीती नाही! रोज सकाळी चहाच्या वेळेला सहा रोही नाल्यातून वर यायचे, पोटभर हरभरा खायचे आणि ऊन लागायला लागलं की परत जायचे. वेळेच्या बाबतीत एसटीनेही त्यांच्याकडून शिकावं!

राखणीला कुत्रं होतं. म्हणजे लिलाबाईंच्या मते नव्हतं. वर्षापूर्वी हायवेवरून मेंढ्यांचा एक मोठा कळप गेला, त्यातलं कुत्र्याचं एक पिल्लू मागे राहिलं आणि देवमनरावांच्या चपलेवर येऊन बसलं. त्यांनी त्याला उचलून घरी आणलं आणि नाव ठेवलं चेकर! कारण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना भीती एकाच प्राण्याची वाटली होती. रस्त्यात अचानक गाडी थांबवून तिकिटं तपासणाऱ्या चेकरची! ज्याच्या नुसत्या नावाने आपल्याला घाम फुटतो, त्याच्या नावाने रोह्यांनाही फुटेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पण हा चेकर रोज सकाळी बांधावर बसून रोह्यांकडे प्रेमाने बघायचा आणि शेपूट हलवायचा.

"हे पाहा," लिलाबाई विळी आडवी करत म्हणाल्या, "हा नाई, पुढच्या रविवारी वावरात रोडगे करून राह्यलो आपन. माहा भाऊ येनार हाय रिसोडवरून. त्याले गोदामात बांधाले कुत्रं पायजे. तोवर तुमच्या चेकरनं रोही हाकलले तं ठीक. नाई तं राजपालसंगं जाईल तो रिसोडले!"

देवमनरावांनी चेकरला जवळ ओढलं. थट्टा नाही! ज्या माणसाच्या एका शब्दावर साठ प्रवासी मागे सरकायचे, त्याला आता घरात टीव्हीचा रिमोट मागितला तरी मिळत नव्हता. मुलगा सतीश वाशीमला नोकरीला, शनिवारी यायचा आणि मोबाइलमध्ये शिरायचा. एसटीतल्या गोष्टी सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. एकटा चेकर मान तिरपी करून सगळ्या ऐकायचा, तीच गोष्ट तिसऱ्यांदा असली तरीसुद्धा! त्याला साखळीने गोदामात बांधणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"रविवारी पाहा मंग!" ते गरजले. "नाई तुमच्या राजपालच्या देखत रोही पळवले तं नावाचा देवमन नाई!"

नावाची अशी पैज लावायची नसते. पण जोर चढला की माणसाला कुठलं भान!

मदतीला आली सून, स्नेहा. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका. तिने मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. कुत्र्याला शिकवण्याआधी त्याचा स्वभाव ओळखा, असं ती बाई कळकळीने सांगत होती. कुणी धाडसी असतं, कुणी भित्रं, कुणी माणसांत रमणारं, कुणी एकलकोंडं. स्वभाव पाहून शिकवलं तर कुत्रं आनंदाने शिकतं.

"खरं हाय, बाबा," स्नेहा म्हणाली. "आमच्या अंगनवाडीत पन तसंच. एक पोट्टं गान्यानं शिकते, एक चित्रानं. सगळ्यायले एकच काठी नाई चालत."

"हेच तं मी तीस सालापासून सांगून राह्यलो!" देवमनराव म्हणाले, आणि लगेच चाचण्या सुरू झाल्या.

पहिली चाचणी आवाजाची. त्यांनी चेकरच्या मागे पितळी परात वाजवली. चेकर खाटेखाली गेला तो नाकाचं टोकही दिसेना.

"पाह्यलं? दबा धरला त्यानं!" देवमनरावांनी वहीत लिहिलं, *डोकेबाज*.

दुसरी चाचणी परक्या माणसाची. दूधवाला आला, दूध घालून निघाला. चेकरने धावत जाऊन त्याचं धोतर धरलं आणि ओढत ओढत पुन्हा अंगणात आणलं.

"पकडला! मुजरीम पकडला!" देवमनरावांनी टाळ्या वाजवल्या. दूधवाला एका हाताने किटली आणि दुसऱ्या हाताने अब्रू सांभाळत उभा होता. वहीत नोंद झाली, *दरारा आहे*.

तिसऱ्या चाचणीची तर गरजच पडली नाही. शनिवारी सतीशची गाडी उशिरा आली, तोवर चेकरने भाकरीला तोंड लावलं नाही. दारात बसून रस्त्याकडे बघत राहिला. सतीश आल्यावर सगळ्यांभोवती एक फेरी मारली आणि मगच जेवला. देवमनरावांनी लिहिलं, *पहाऱ्याशिवाय अन्न घेत नाही. वाघ आहे वाघ!*

"बाबा, मले तं येगळंच वाटून राह्यलं," स्नेहा हळूच म्हणाली. "मले वाटते, त्याले कोनी एकटं सुटलेलं पाहवत नाई. सगळे एका जागी आले का मंग त्याले गोड वाटते."

"तू लेकरायची मास्तरीन. कुत्रं मी पाह्यतो," देवमनराव म्हणाले. सुनेचं म्हणणं त्यांनी प्रेमानेच उडवून लावलं, पण लावलं.

मग शिक्षण! व्हिडिओतल्या बाईच्या हातात टकटक वाजणारी एक डबी होती. ती बघताच देवमनराव उडालेच. "अरे, हा तं आपला पंच!" तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना पंच पेटीतून बाहेर निघाला. तिकिटांची मशीन आल्यावर तो पेटीत कसा राहिला, ते आपण विचारू नये. आयुष्यभर ज्या पंचाने दांड्यावर टकटक करत गर्दीतून वाट काढली, तोच आता चेकरचा गुरू झाला. एसटीच्या घंटीचाच नियम! एकदा टक म्हणजे थांब. दोनदा टक टक म्हणजे निघ!

सराव अंगणातल्या कोंबड्यांवर. टक टक! चेकर सुटला, सगळ्या कोंबड्या पळत खुराड्यात. टक! चेकर बसला. भाकरीचा तुकडा मिळाला. चार दिवसांत कुत्रं असं तयार झालं की शेजारी बघायला यायला लागले!

"बाबा," स्नेहा पुन्हा म्हणाली, "त्यानं कोंबड्या हाकलल्या नाईत. गोळा केल्या. कोपऱ्यातली लंगडी कोंबडी पन घेऊन आला तो."

"हाकलल्या अन् गोळा केल्या, फरक काय? कोंबड्या गेल्या ना?"

फरक काय, ते रविवारी कळलं.

रविवारी सकाळी नाल्याकाठच्या मोकळ्या पट्टीत गवऱ्यांचा आर पडला. कणकेचे रोडगे त्यात भाजायला टाकले, वांग्याच्या भाजीचा घमघमाट सुटला. राजपाल रिसोडहून जीपने आला, सोबत नवी कोरी साखळी घेऊन.

"जयभीम, भाऊजी! कुठं हाय आपलं कुत्रं?"

'आपलं' हा शब्द देवमनरावांना झोंबला. "जयभीम. बसा. आधी त्याचं काम पाहा, मंग बोला."

तेवढ्यात राजपाल हात धुवायचं सांगून लांबच्या बाभळीमागे गेला. कशाला, ते लिहायची गरज नाही. आणि इकडे नेमके नाल्यातून रोही वर आले! एक, दोन, सहा! येऊन हरभऱ्यात उभे राहिले.

"आले वो!" लिलाबाई ओरडल्या.

देवमनरावांची छाती फुगली. त्यांनी पंच उंच धरला. चेकरचे कान टवकारले. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं, म्हणजे सतीश, स्नेहा, लिलाबाई आणि बांधावरचे दोन शेजारी.

टक टक!

चेकर बाणासारखा सुटला! "जाय रे वाघा! पाहा, पाहा, कसा पळून राह्यला!" देवमनराव नाचायलाच लागले. चेकर रोह्यांजवळ पोचला आणि त्यांच्या बाजूने निघून गेला! रोह्यांनी सभ्यपणे त्याला वाट दिली. चेकर बांध ओलांडून शेजारच्या तांड्याच्या माळाकडे दिसेनासा झाला.

"हे काय?" लिलाबाईंनी विचारलं.

"वळसा घालून येते. मागून घेरनार हाय त्यायले."

पाच मिनिटं गेली. मग माळावर धूळ उठली. धुळीतून शिंगं दिसली. बकऱ्या! पाच नाही, दहा नाही, तांड्यातल्या हिरीबाईंच्या चाळीस बकऱ्या, त्यांच्यामागे दोन गाई, एक वासरू, कुणाचं तरी गाढव, आणि सगळ्यांच्या मागे इकडून तिकडे धावणारा, आनंदाने वेडा झालेला चेकर! एवढी फौज बघून रोही दचकले, पण पळणार कुठे? चेकरने सगळी मिरवणूक थेट हरभऱ्यात आणली आणि त्यांनाही घोळक्यात घेतलं!

"थांबवा त्याले! अवो, थांबवा!"

देवमनरावांनी पंच वाजवला. टक!

चेकर जागच्या जागी बसला. अगदी शिकवल्याप्रमाणे! पण तो बसला तसा त्याच्या पुढचा कळपही थांबला. हरभऱ्याच्या मधोमध! आणि थांबलेली बकरी करणार काय? चाळीस तोंडं एकदम खाली गेली. करकर, करकर, हरभरा संपायला लागला.

"आता हलवा त्यायले!" सतीश ओरडला.

टक टक! चेकर उठला, आणि कुणी राहिलं तर नाही ना, हे बघायला पुन्हा माळाकडे पळाला. आणखी दोन म्हशी आणल्या! टक! बसला. म्हशी चरू लागल्या. टक टक! बांधावरचे दोन शेजारी धावत हरभऱ्यात आले, त्यांच्या टाचांशी चेकर! एकदा वाजवावं तर पीक जातं, दोनदा वाजवावं तर खाणारे वाढतात! देवमनरावांना दरदरून घाम फुटला, आणि थांबवावं की पळवावं या गोंधळात ते पंच वाजवतच सुटले. टक टक टक टक टक टक!

मग बाभळीमागून किंकाळी आली.

"भाऊजी! ओ भाऊजी! धरा याले!"

राजपाल एका हातात पँट आणि एका हातात तांब्या घेऊन पळत येत होता. चेकरने त्याच्या सदऱ्याचं टोक दातांत धरलं होतं. ओरखडा नाही, काही नाही, अगदी मायेने! त्याने राजपालला दोन म्हशींच्या मध्ये आणून उभं केलं, सगळ्यांभोवती एक फेरी मारली आणि जीभ बाहेर काढून देवमनरावांकडे बघितलं. आले सगळे. द्या भाकरी!

त्यांच्यामागून काठी आपटत हिरीबाई आल्या. "कोनं पळवल्या माह्या बकऱ्या? दिवसाढवळ्या? कंडक्टरभाऊ, तुमी? या वयात?"

"अवो हिरीबाई, मी नाई, हे कुत्रं..."

"कुत्र्याले कोनं सांगलं? हातात तुमच्या टकटक्या हाय का माह्या?"

देवमनरावांनी पंच पाठीमागे लपवला. तीस वर्षांत चेकरने एकदाही पकडलं नव्हतं त्यांना. आज रंगेहाथ सापडले!

अशा वेळी घरात एक तरी शहाणं माणूस असावं. स्नेहाने रोडग्यांच्या परातीतून एक गरम रोडगा उचलला आणि ती मोठ्याने म्हणाली, "सगळे वावराच्या भाईर चाला! आई, तुमी पन. बाबा, तो पंच खिशात ठेवा आधी! सगळे रस्त्यावर येऊन एका जागी बसा!"

कुणाला काही कळेना, पण अंगणवाडीचा आवाज होता, सगळे निमूट गेले. रस्त्यावर दाटीवाटीने बसले. मग स्नेहाने हाक मारली, "चेकर! ये रे बाप्पा, सगळे इकडं हाय!"

चेकरने मान तिरपी केली. आपली माणसं रस्त्यावर, आणि ही जनावरं मागे राहिली? छे छे, असं कसं चालेल! तो उठला, कळपाला वळसा घातला, आणि दोन मिनिटांत बकऱ्या, गाई, म्हशी, गाढव आणि राजपाल, सगळे हरभऱ्याबाहेर! रोही तेवढे नाल्यात उतरून गेले. एवढ्या गर्दीत जेवायची त्यांना सवय नव्हती.

हरभऱ्याचा नाल्याकडचा अर्धा एकर साफ झाला होता.

राजपालने पँटचा पट्टा आवळला आणि साखळी जीपमध्ये फेकली. "ताई, हे कुत्रं मले नको! गोदामात चोर आले तं हा अजून चार बलावून आनीन."

देवमनरावांचा जीव भांड्यात पडतोय तोच हिरीबाई पुढे आल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्या चेकरकडे सोन्याकडे बघावं तसं बघत होत्या. "मले द्या हे कुत्रं. चाळीस बकऱ्या, एक मागं राह्यली नाई! माही लंगडी बकरी पन आली! कंडक्टरभाऊ, त्याच्या बदल्यात गाभन बकरी देतो तुमाले."

लिलाबाई विचारात पडल्या. गाभण बकरी म्हणजे दूध, करडं, वर्षभराचा आधार. खाल्लेला हरभराही त्यातून भरून निघाला असता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवमनरावांनी फुशारकी न मारता बोलायला तोंड उघडलं.

"लिला," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती कधी. "चुकलं माह्यं. स्नेहानं दोनदा सांगलं, म्या ऐकलं नाई. कुत्र्याचा दोष नाई. मी त्याले वाघ समजलो अन् तो तं बिचारा सगळ्यायले घरी आननारा निंघाला. पन देऊ नोको त्याले. तो गेला तं मले कोन हाय ऐकाले?"

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. सतीशने मोबाइल खिशात ठेवला. स्नेहाने रोडगा चेकरला दिला. हिरीबाई काठी टेकून उभ्या राहिल्या.

लिलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "हिरीबाई, कुत्रं नाई देत. पन रोज सकाळी बकऱ्या सोडाच्या टायमाले अन् सांजच्याले पाठवून देत जाईन. चालते?"

"चालते, बाई! दूध पाठवून देत जाईन मी."

"अन् कुत्रं राह्यते घरीच," लिलाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "पन हरभरा कोन राखते मंग?"

देवमनरावांनी चेकरकडे बोट दाखवलं, मग आपणच ते मागे घेतलं.

"त्या फोनमधल्या बाईनं काय सांगलं? सोभाव पाहून काम द्या म्हने. म्या पाह्यला तुमचा सोभाव. पहाटे चारले उठता, घरात बसवत नाई, अन् आवाज असा का शेलूबाजारच्या स्टँडवर एक हाक मारली तं मंगरूळपीरची पब्लिक जागी व्हाव! राखनीले तुमच्यापेक्षा चांगलं कोन हाय?"

दुसऱ्या दिवसापासून देवमनराव शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसायला लागले. "ए! सरका मागं! जागा नाई! पुढची गाडी पकडा!" अशी आरोळी ठोकली की सहाच्या सहा रोही नाल्यात उड्या टाकतात. आठ दिवसांत रोह्यांनी ती वाट जवळजवळ सोडलीच. देवमनराव आता भेटेल त्याला सांगतात की जनावराचा स्वभाव ओळखणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

ज्या दिवशी एकही घाटा जात नाही, त्या दिवशी लिलाबाई त्यांच्या ताटात तिळाचा एक जास्तीचा लाडू ठेवतात आणि पाठीवरून हात फिरवून म्हणतात, "शाब्बास!" या वयात बायकोचं प्रेम असं एकाएकी कसं वाढलं, याचं देवमनरावांना मोठं नवल वाटतं. स्नेहा तोंडाला पदर लावून आत पळते. आपणही त्यांना काही सांगायला जाऊ नये, उगाच कशाला!